नव्वद रुपयांचा फरक

१९८५ सालच्या ३१ डिसेंबरची रात्र मला चांगली आठवते. अलिबाग तालुक्यात, किनाऱ्यावरच्या एका गावात आमच्या बँकेची शाखा होती. कुलाबा जिल्ह्याचा रायगड होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि म्हातारी माणसे फॉर्मवर पत्ता सांगताना अजून 'जिल्हा कुलाबा' असेच सांगत. शाखेत संगणक यायला बराच अवकाश होता. सहामाही क्लोजिंग म्हणजे सगळ्यांनी रात्र जागवायची, बचत खात्यांची जाडजूड लेजरे उघडायची, एकेका खात्याची बाकी बॅलन्स बुकात उतरवायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळते का ते पाहायचे. जुळली तर चहा घेऊन घरी. नाही जुळली तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या रात्री ती जुळली नाही. लेजरांची बेरीज ९० रुपयांनी कमी येत होती. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ५४ च्या जागी ४५ पडले असावेत, हे बँकेतल्या नवख्या पोरालाही ठाऊक असते. त्या नजरेने आम्ही सगळी पाने तीनदा चाळली. काही सापडेना. रात्रीचा एक वाजला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "सस्पेन्सला टाका आणि घरी जा. केव्हातरी सापडेल." सस्पेन्स अकाउंट म्हणजे ज्या रकमेचा धनी कळत नाही ती तात्पुरती ठेवायची जागा. त्यात लपवाछपवी नसते. 'एवढा फरक आहे, कारण माहीत नाही' अशी ती लेखी कबुली असते.

मी तेव्हा पंचविशीत होतो. माझ्या पहिल्याच क्लोजिंगला फरक राहिला हे वरच्या कार्यालयाला कळवायचे माझ्या जिवावर आले. मॅनेजर चूळ भरायला बाहेर गेले तेवढ्यात मी बॅलन्स बुकात, वर्षानुवर्षे हालचाल नसलेल्या एका खात्यापुढे, ९० रुपये वाढवून लिहिले. बेरीज जुळली. "सापडला," असे मी त्यांना सांगितले. त्यांनी पाठ थोपटली.

नंतर झोप येईना म्हणून मी किनाऱ्यावर जाऊन बसलो. थळच्या समोर समुद्रात खांदेरीचा दिवा ठरलेल्या तालात लुकलुकत होता. १८६७ मध्ये बांधलेले हे दीपगृह. समोरचा दिवा इमानाने आपले काम करतो आहे आणि आपण आत्ताच एक खोटा आकडा लिहून आलो आहोत, ही गोष्ट मला त्या वेळी तितकीशी बोचली नाही, हे कबूल करायला हवे. ती बोचली आठ महिन्यांनी. तो भाग शेवटी सांगतो.

२०२५ च्या २० मे रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले, त्या दिवशी ही रात्र मला पुन्हा आठवली. निवृत्तीनंतर मी हौसेने खगोलशास्त्र वाचू लागलो आणि वाचता वाचता लक्षात आले की गेल्या पाव शतकात या शास्त्रातला सर्वांत मोठा वाद हा फरकाचाच वाद आहे. विश्वाचे लेजर १९९८ मध्ये जुळेनासे झाले. तो फरक कोणत्या खात्यावर टाकायचा यावर नारळीकरांनी जगभरच्या शास्त्रज्ञांशी असहमती नोंदवली होती.

दिव्यावरून अंतर

समुद्रावरच्या माणसाला रात्री दिवा दिसतो, पण तो किती लांब आहे हे कसे कळावे? दिवा किती ताकदीचा आहे ते ठाऊक असेल तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. अंतर दुप्पट झाले की उजेड पाव होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा. आकाशातली अडचण अशी की तिथे दिव्यांवर ताकद लिहिलेली नसते. मंद दिसणारा तारा जवळचा मिणमिणता दिवा आहे की दूरची प्रचंड मशाल, हे नुसत्या नजरेला उमगत नाही. म्हणून सगळे सारख्याच ताकदीचे, आणि पाहताक्षणी ओळखू येतील, असे दिवे आकाशात शोधावे लागतात.

असा एक दिवा म्हणजे विशिष्ट जातीचा स्फोट पावणारा तारा. मराठीत याला अतिनवतारा म्हणतात, बोलताना आपण सुपरनोव्हा म्हणतो. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा आकसून पृथ्वीएवढा होतो. हा श्वेतबटू. तो एकटा असेल तर निवांत थंड होत जातो. पण जोडीला दुसरा तारा असेल तर त्याचे द्रव्य ओढून किंवा त्याच्याशी एकरूप होऊन श्वेतबटूचे वजन वाढते, आणि एका टप्प्याला त्याच्यातला कार्बन एकदम पेट घेऊन सबंध तारा उधळला जातो. सुमारे तीन आठवड्यांत तो तेजाच्या शिखरावर पोहोचतो, तेव्हा त्याचा उजेड काही अब्ज सूर्यांएवढा असतो, म्हणजे अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीचा. त्याच्या वर्णपटात हायड्रोजनची खूण नसते, सिलिकॉनची असते. खांदेरीचा दिवा लुकलुकण्याच्या तालावरून खलाशी ओळखतात, तसा हा सुपरनोव्हा या खुणांवरून ओळखू येतो. याला 'पहिला-अ' प्रकार म्हणतात.

श्वेतबटूच्या वजनाला मर्यादा आहे, ती सूर्याच्या सुमारे १.४ पट, हे ज्याने शोधले तो मुलगा या खांदेरीच्या समोरूनच गेला होता. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून 'पिल्सना' नावाचे जहाज युरोपकडे निघाले. त्यात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन केंब्रिजला निघालेला १९ वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होता. मुंबईतून बाहेर पडणारे जहाज प्राँग्सचा दिवा उजवीकडे आणि खांदेरी डावीकडे ठेवून खुल्या समुद्राला लागते. दिवस पावसाळ्याचे, म्हणजे त्याला खांदेरी दिसली की नाही कोण जाणे. पण त्या प्रवासात त्याने जे गणित मांडले त्यातून ही वजनाची मर्यादा निघाली. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या बुजुर्गाने त्या निष्कर्षाची जाहीर खिल्ली उडवली. चंद्रशेखरांनी आपला आकडा बदलला नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हे सगळे स्फोट जवळजवळ सारख्याच ताकदीचे का असतात, याचे पहिले उत्तर त्या मर्यादेत सापडते.

'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. प्रत्यक्षात काही स्फोट थोडे जास्त तेजस्वी असतात, काही कमी. प्रत्येक श्वेतबटू नेमका त्या मर्यादेलाच फुटतो असेही आता मानत नाहीत. पण १९९३ मध्ये चिलीच्या सेर्रो टोलोलो वेधशाळेतले मार्क फिलिप्स यांनी दाखवले की जास्त तेजस्वी स्फोट सावकाश विझतात आणि कमी तेजस्वी लवकर. म्हणजे विझायला लागलेला वेळ मोजला की ताकदीतला फरक दुरुस्त करता येतो. दिवे हुबेहूब सारखे नसले तरी त्यांच्यावर ताकद लिहिलेली आहे, फक्त ती वाचायला काही आठवडे थांबावे लागते.

अलिबागची जोडनोंद

एवढे करूनही प्रश्न उरतो. हा दिवा अमुक ताकदीचा आहे हे पहिल्यांदा ठरवायचे कशावरून? त्यासाठी अंतराची शिडी लागते. जवळच्या ताऱ्यांचे अंतर पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ते किती सरकलेले दिसतात यावरून मिळते. त्यांच्या आधारे सेफीड नावाच्या, ठरावीक काळाने उजळणाऱ्या आणि मंदावणाऱ्या ताऱ्यांची ताकद ठरते. हेन्रिएटा लेविट या बाईंनी १९१२ मध्ये दाखवून दिले होते की सेफीड जितका सावकाश लुकलुकतो तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. मग ज्या दीर्घिकेत सेफीडही दिसतात आणि सुपरनोव्हाही फुटला आहे, तिथे दोघांना शेजारी ठेवून सुपरनोव्हाची ताकद पक्की करायची. दोन पायऱ्या काही अंतर एकमेकींवर चढलेल्या असल्या तरच शिडी चढता येते.

ही एकमेकींवर चढलेली पायरी म्हणजे काय, हे समजायला रायगडकरांना लांब जायला नको. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची बिथरणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी नोंदींसाठी अलिबागची जागा निवडली. लोखंडाचा अंश नको म्हणून इमारत निवडक पोरबंदरी दगडाची बांधली. १९०४ मध्ये अलिबागेत नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्या दोन वर्षांमुळे दोन ठिकाणांतला फरक कळला आणि जुनी वही नव्या वहीला जोडता आली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली तेव्हा काहीही तुटले नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली ती नोंद अजून चालू आहे. जागा बदलताना दोन वर्षे दुप्पट काम करण्याची ही शिस्त आणि एकाच दीर्घिकेतले सेफीड आणि सुपरनोव्हा पडताळण्याची शिस्त एकाच जातीची आहे.

पायरी चुकली तर काय होते याचाही दाखला आहे. १९२९ मध्ये एडविन हबलने दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत आणि जितकी दूर तितकी वेगाने, हे मांडले. त्यातून विश्व प्रसरण पावते आहे हे पुढे आले. पण त्याने काढलेला प्रसरणाचा दर इतका मोठा होता की विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघे. पृथ्वीवरचे काही दगड त्याहून म्हातारे निघाले. नातवाचे वय आजोबांपेक्षा जास्त! १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवले की सेफीड दोन जातींचे आहेत आणि आपण त्यांची गल्लत केली होती. एका फटक्यात विश्व दुप्पट मोठे झाले.

अमावास्येचे शिकारी

या दिव्यांची शिकार करणे सोपे नाही. एखाद्या दीर्घिकेत असा स्फोट काही शतकांतून एखादाच होतो. कुठे आणि कधी, ते कोणी सांगत नाही. मोठ्या दुर्बिणीवर रात्र मिळवायची तर अर्ज सहा महिने आधी द्यावा लागतो. 'सहा महिन्यांनी एक तारा फुटणार आहे, तेव्हा अमुक रात्र द्या,' असे अर्जात कसे लिहायचे? कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या सॉल पर्लमटर यांच्या गटाने यावर तोडगा काढला. अमावास्येच्या सुमारास आकाश काळेभोर असते. तेव्हा हजारो दीर्घिकांची छायाचित्रे घ्यायची. तीन आठवड्यांनी, पुढची अमावास्या यायच्या आत, तीच छायाचित्रे पुन्हा घ्यायची आणि संगणकाने पहिली दुसऱ्यातून वजा करायची. जे उरेल ते नवीन. अमावास्येचा हिशेब कोळ्यांना उधाणासाठी ठेवावा लागतो, यांना काळोखासाठी. हजारो दीर्घिका पाहिल्या की दर खेपेला काही स्फोट हाती लागतातच.

पुढच्या काळात हे काम यंत्रांनी हाती घेतले आणि त्यात एक मराठी नाव ठळक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत आकाशावर रोज पहारा ठेवणारा प्रकल्प उभा राहिला. २४ ऑगस्ट २०११ रोजी या प्रकल्पाला सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत 'पहिला-अ' प्रकारचा सुपरनोव्हा सापडला. फुटून अर्धा दिवसही झाला नव्हता. इतका ताजा आणि इतका जवळचा नमुना पूर्वी कधी मिळाला नव्हता. लडाखमध्ये हानले येथे चंद्रशेखरांच्या नावाची दोन मीटरची दुर्बीण आहे आणि तिच्या शेजारी मुंबईच्या आयआयटीने बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर उभारलेली ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे. अशा नव्या ताऱ्यांचा पाठपुरावा या दुर्बिणी करतात.

१९९८ चा फरक

आता मूळ हिशेबाकडे येऊ. दूरच्या सुपरनोव्हाकडून दोन नोंदी मिळतात. त्याचा मंदपणा अंतर सांगतो. त्याच्या प्रकाशाची लहर वाटेत किती ताणली गेली, म्हणजे तांबड्या रंगाकडे किती सरकली, यावरून प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट ताणले गेले ते कळते. याला ताम्रसृती म्हणतात. दोन स्वतंत्र वह्या, आणि त्यांचा ताळा घ्यायचा.

सर्वांची खात्री अशी होती की गुरुत्वाकर्षणाने विश्वाचे प्रसरण हळूहळू मंदावत असणार. वर फेकलेल्या चेंडूसारखे. तसे असेल तर पूर्वी प्रसरण आजच्यापेक्षा वेगाने होत होते, ठरावीक ताण पडायला थोडाच काळ लागला, प्रकाश थोडेच अंतर चालला, म्हणून दिवा तुलनेने जवळचा आणि ठळक दिसायला हवा. १९९८ मध्ये पर्लमटर यांच्या गटाला आणि ब्रायन श्मिट, अ‍ॅडम रीस यांच्या प्रतिस्पर्धी गटाला, दोघांनाही उलटे आढळले. दिवे अपेक्षेपेक्षा मंद होते. रीस यांच्या निबंधानुसार दूरचे सुपरनोव्हा अंदाजापेक्षा सरासरी १० ते १५ टक्के जास्त लांब निघाले. म्हणजे तेवढा ताण पडायला जास्त काळ लागला होता, पूर्वी प्रसरण सावकाश होते आणि आता ते वाढत्या वेगाने होते आहे. वर फेकलेला चेंडू मंदावण्याऐवजी अधिकाधिक वेगाने वर चालला होता.

मला या कथेतला पुढचा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्ही गटांना प्रथम वाटले की आपलेच काहीतरी चुकले. त्यांनी महिनोन्‌महिने पाने पुन्हा चाळली. दीर्घिकांतली धूळ तपासली, जुने स्फोट आणि नवे स्फोट एकाच जातीचे आहेत का ते पाहिले, आकडेमोड पुन्हा केली. फरक गेला नाही. तेव्हा त्यांनी तो जसा होता तसा छापला. एका गटाने १६ दूरच्या सुपरनोव्हांवरून, दुसऱ्याने ४२ वरून. २०११ चे नोबेल या तिघांना मिळाले.

फरक जबरदस्तीने मिटवण्याचा मोह थोरांनाही होतो. १९१७ मध्ये आइन्स्टाइनने आपली समीकरणे सबंध विश्वाला लावली, तेव्हा ती विश्वाला स्थिर बसू देईनात. विश्व स्थिर आहे अशी त्या काळची समजूत होती. म्हणून त्याने समीकरणात एक जादा पद घातले, गुरुत्वाकर्षणाला तोलून धरणारे. प्रसरणाचा शोध लागल्यावर १९३१ मध्ये त्याने ते काढून टाकले. १९९८ नंतर शास्त्रज्ञांनी तेच पद पुन्हा जमेला धरले. या वेळी कारण निराळे होते, फरक मोजलेला होता. जे काही विश्वाला ताणते आहे त्याला नाव मिळाले कृष्ण ऊर्जा, इंग्रजीत डार्क एनर्जी. आजच्या प्रचलित ताळेबंदात विश्वाचा सुमारे ६८ टक्के भाग या नावावर आहे, आणखी २७ टक्के न दिसणाऱ्या कृष्ण द्रव्याच्या नावावर. तारे, ग्रह, समुद्र, आपण सगळे मिळून उरलेले ५ टक्के.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही नोंद लगेच ओळखू येते. हे सस्पेन्स अकाउंट आहे. रक्कम पक्की, धनी अज्ञात.

सही न करणारा तपासनीस

नारळीकरांची गोष्ट इथे येते. कोल्हापूरला १९३८ मध्ये जन्म, केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७२ पासून अध्यापन, पुढे पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक, हा सगळा आलेख मराठी वाचकाला माहीत आहे. विश्वाचा आरंभ एका महास्फोटाने झाला हे त्यांना मान्य नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह आपल्या जुन्या स्थिर स्थिती सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली होती.

सुपरनोव्हांची निरीक्षणे त्यांनी नाकारली नाहीत. ती कोणत्या खात्यावर टाकायची यावर त्यांनी बोट ठेवले. दिवा मंद दिसतो तो फार लांब असल्यामुळेच कशावरून? मधे धुकेही असू शकते. हिवाळ्यातल्या पहाटे थळच्या किनाऱ्यावर उभे राहिलेल्या कोणालाही हा प्रश्न पटेल. त्या वेळी खांदेरी दुप्पट लांब गेल्यासारखी वाटते. साध्या धुळीतून आलेला उजेड तांबूस होतो, म्हणून ती धूळ पकडता येते. पण नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ मध्ये लिहिलेल्या निबंधांत निराळी धूळ सुचवली: सुपरनोव्हातून बाहेर पडलेल्या लोहाच्या वाफेची थंड होताना बनलेली, सुमारे मिलिमीटरभर लांब, अतिशय बारीक सुया. अशा सुया सगळे रंग जवळजवळ सारखेच अडवतात. दिवा मंद होतो पण तांबूस होत नाही. तसे असेल तर कृष्ण ऊर्जेच्या नावाने एवढी मोठी रक्कम टाकायचे कारण राहत नाही.

बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही, आणि त्यांची कारणे वजनदार आहेत. पुढे आणखी दूरचे सुपरनोव्हा पाहिले तेव्हा ते, नुसती धूळ असती तर दिसले असते, त्यापेक्षा ठळक निघाले. विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाच्या आणि दीर्घिकांच्या विखुरणीच्या मोजमापांतून, सुपरनोव्हांशी संबंध नसलेल्या वाटांनी, तीच कृष्ण ऊर्जा पुन्हा हाती आली. आजच्या पुराव्यावर निकाल द्यायचा तर तो नारळीकरांच्या बाजूने जाणार नाही. मराठी अभिमानापोटी तसे भासवणे त्यांनाच आवडले नसते.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव. आपल्या कीर्तीचा भार तराजूत पडू नये म्हणून त्यांनी कथा पत्नीच्या अक्षरात लिहून पाठवली होती. तिला पहिले बक्षीस मिळाले. मोजमापातून स्वतःला वगळायचे, हा त्या माणसाचा स्वभाव होता. विश्वाच्या वहीवरही त्यांनी एवढेच केले. सगळ्यांनी सही केली म्हणून त्यांनी सही केली नाही, आणि का केली नाही ते नीट लिहून ठेवले. चांगल्या बँकेत असा तपासनीस एखादा तरी असावा लागतो. त्याचा शेरा चुकीचा ठरला तरी त्यामुळे बाकीच्यांना आपली पाने पुन्हा चाळावी लागतात.

वही बंद झालेली नाही

आजची परिस्थिती तर फारच रंजक आहे. प्रसरणाचा आजचा दर सेफीड आणि सुपरनोव्हांच्या शिडीने मोजला तर तो सुमारे ७३ येतो. सूक्ष्मलहरींच्या प्रारणावरून प्लांक उपग्रहाने केलेल्या हिशेबात तो सुमारे ६७ येतो. (दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला इतके किलोमीटर.) दोन्हीकडची माणसे तरबेज आहेत आणि दोन्हीकडे चूक सापडत नाही. दुसरीकडे अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या 'डेसी' या प्रकल्पाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले की त्यांच्या दीर्घिकांच्या नोंदी सुपरनोव्हांच्या नोंदींशी जोडल्या तर कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळाबरोबर क्षीण होत असावी असे दिसते. यावर शिक्कामोर्तब झालेले नाही. चिलीतील वेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या दहा वर्षांच्या पाहणीत सुपरनोव्हांची नुसती रास पडणार आहे. तेव्हा सस्पेन्स खात्यातल्या रकमेचा धनी सापडेल, किंवा रक्कमच वेगळी होती असे निघेल. दोन्ही शक्य आहे, कारण फरक कोणी मिटवलेला नाही.

आता माझे ९० रुपये.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आधी, एक मासळी विकणाऱ्या मावशी शाखेत आल्या. जाळ्यांसाठी त्यांना खात्यातले सगळे पैसे काढायचे होते. लेजरात ९० रुपये कमी निघाले. पासबुकात एका ठिकाणी ५४० जमा होते, लेजरात त्याच तारखेला ४५०. काउंटरवरच्या सहकाऱ्याने पासबुक उजेडात धरून पाहिले आणि चारचौघांत विचारले, "आकडा कोणी खोडला?" मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सायेब, मला लिवता येत नाय. मी खोडनार कशी?"

मी जुनी स्लिप शोधून काढली. अंगठा होता आणि रक्कम ५४० होती. त्यांना पैसे मिळाले, आम्ही माफीही मागितली. पण मधला अर्धा तास त्या काउंटरपुढे चोरासारख्या उभ्या होत्या, आणि तो अर्धा तास मी दिला होता. संध्याकाळी मी मॅनेजरांना खरे काय ते सांगितले. ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "ते ९० रुपये सस्पेन्सला असते, तर त्या बाई आल्या आल्या आपण त्यांना खुर्ची दिली असती."

पुढे ३० हून अधिक क्लोजिंगे केली. त्यांतल्या कित्येकांना फरक राहिला, आणि प्रत्येक वेळी मी तो लिहून ठेवला.